कॅटलॉगची डिस्क ९९ टक्के भरली : कॉम्प्रेस करायचं की छाटायचं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. डेबियन १२ (लिनक्स) वर बॅकुला ९.६ हे बॅकअप सॉफ्टवेअर चालू आहे, खाली पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस. बावीस क्लायंट, सगळ्यांच्या मिळून साधारण ६० लाख फाइली. दर शनिवारी फुल बॅकअप (सगळ्या फाइली), बाकी रोज रात्री इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या). बॅकअपचे व्हॉल्यूम (प्रत्यक्ष डेटा) एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजवर जातात, तिथं भरपूर जागा आहे. अडचण कॅटलॉगची आहे, म्हणजे कोणती फाइल कोणत्या बॅकअपमध्ये आहे याच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसची.

कॅटलॉग रूट पार्टिशनवरच आहे. १०० जीबी, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. त्यातला डेटाबेस ८३ जीबी. डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा) ९९ टक्के दाखवतंय, शिल्लक जेमतेम १ जीबी. कॅटलॉगच्या स्वतःच्या बॅकअपचा जॉब फेल होऊ लागलाय, कारण डंप (डेटाबेसची फाइलरूपी प्रत) ठेवायला जागाच नाही. फाइल रिटेन्शन (फाइल नोंदी ठेवायची मुदत) १ वर्ष, जॉब रिटेन्शनही (बॅकअप जॉबच्या नोंदीची मुदत) तेवढंच.

दोन प्रश्न आहेत. कॅटलॉग कॉम्प्रेस करायची सोय आहे का? आणि आज जुन्या नोंदी प्रून केल्या, म्हणजे मुदत संपलेल्या छाटल्या, तर किती जागा परत मिळेल? नव्या डिस्कची खरेदी लगेच होणार नाही.

सिंदफणा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: लगेच काहीच मिळणार नाही. बॅकुलानं फाइल टेबलातल्या (बॅकअपमधल्या दर फाइलमागं एक) ओळी डिलीट केल्या की पोस्टग्रेस त्यांना फक्त मृत ठरवतं. साधं व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची सफाईची आज्ञा) चालवलं की ती जागा पुढच्या नोंदींसाठी मोकळी होते, पण ऑपरेटिंग सिस्टिमला परत जात नाही (टेबलाच्या अगदी शेवटची पानं रिकामी झाली तर तेवढीच जाते). मोंढ्यातल्या गोदामातून माल उचलला म्हणून गोदाम लहान होत नाही, तसंच हे. जागा खरोखर परत हवी असेल तर व्हॅक्यूम फुल करावं लागतं, म्हणजे टेबल नव्यानं लिहावं लागतं. त्यात दोन अटी येतात. पूर्ण वेळ टेबलावर एक्सक्लुझिव्ह लॉक असतो, म्हणजे ना बॅकअप चालणार ना रिस्टोअर. आणि नवी प्रत तयार होईपर्यंत जुनी तशीच राहते.

इथं बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. व्हॅक्यूम फुलला जुन्या टेबलाएवढी जागा लागत नाही. जिवंत ओळी आणि त्यांचे इंडेक्स (शोधसूची) यांच्याएवढी लागते.

आता ८३ जीबी आले कुठून ते बघा. बॅकुलाच्या मॅन्युअलमधला अंदाज एका फाइल नोंदीला १५४ बाइटचा आहे. ६० लाख गुणिले ५२ आठवडे म्हणजे ३१ कोटी २० लाख नोंदी, म्हणजे सुमारे ४८ जीबी. त्यावर इंडेक्स आणि इन्क्रिमेंटलच्या नोंदी. हिशेब बरोबर जुळतोय, तुमचा डेटाबेस फुगलेला नाही. तो खरोखरच भरलेला आहे. म्हणून आधी वाढ थांबवा, जागा काढायचं नंतर बघू.

पैठणगेट

आजची रात्र निघायला हवी, म्हणून तातडीचं सांगतो.

ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के ब्लॉक रूट यूजरसाठी (ॲडमिनसाठी) राखीव असतात. १०० जीबीवर ते ५ जीबी झाले, आणि पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नसल्यानं त्याला ते वापरता येत नाहीत. ट्यून-टू-एफएस या आज्ञेला उणे एम १ देऊन राखीव १ टक्क्यावर आणा. चालू सिस्टिमवर होतं, अनमाउंट करावं लागत नाही. ४ जीबी हाती येतील. रूट पार्टिशन आहे म्हणून शून्यावर नेऊ नका.

मग जर्नलसीटीएलनं सिस्टिमचे जुने लॉग कमी करा, एपीटी क्लीन चालवून उतरवलेली पॅकेजं पुसा. बॅकुलाच्या वर्किंग डिरेक्टरीत अर्धवट बॅकुला डॉट एसक्यूएल (कॅटलॉगचा डंप) पडलेली आहे का तेही बघा. कॅटलॉग जॉबमधली डंप पुसणारी स्क्रिप्ट रन आफ्टर जॉब या सेटिंगमध्ये असते आणि ती जॉब यशस्वी झाला तरच चालते. जॉब फेल झाला की डंप तिथंच जागा अडवून बसतो.

आणि पीजी-वॉल डिरेक्टरीतली (तिथं पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी लिहून ठेवतं) एकही फाइल हातानं उडवू नका. ती लॉगची फाइल वाटते, पण ती डेटाबेसचा भाग आहे. ती गेली तर डेटाबेस कदाचित उठणारच नाही.

वाळूज_दुसरीपाळी

मी तर सरळ झेडएफएस (डेटा दाबून ठेवू शकणारी फाइलसिस्टिम) सुचवीन. डेटासेटवर एलझेड४ कॉम्प्रेशन चालू करायचं, पोस्टग्रेसचा डेटा तिथं हलवायचा, संपला विषय. कॅटलॉगमध्ये सगळा मजकूरच असतो, तो दाबला जातोच. रिटेन्शनला हात लावायची गरजच काय?

गोदातीर (नांदेड)

वाळूज, मजकूर दाबला जातो हे खरं, पण दोन गोष्टी सुटल्या.

पहिली ब्लॉकची. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं असतं, म्हणून पुष्कळ जण झेडएफएसचा रेकॉर्डसाइझही (ब्लॉकचा कमाल आकार) ८ केबी ठेवतात. झेडएफएसचा पूल (डिस्कचा संच) ४ केबी सेक्टरवर केलेला असेल, म्हणजे ॲशिफ्ट १२, तर ८ केबीचा ब्लॉक दाबून एकतर ४ केबी होतो नाहीतर ८ च राहतो. मधलं काही नाही. ५ केबीपर्यंत दाबला गेला तरी तो ८ केबीच खाणार. कॉम्प्रेशनचा फायदा हवा असेल तर रेकॉर्डसाइझ १६ किंवा ३२ केबी ठेवा. त्याबदल्यात लहान लहान लिखाण थोडं महाग पडतं, पण कॅटलॉगमध्ये बहुतेक लिखाण जॉबच्या शेवटी एकगठ्ठा होत असल्यानं ते चालून जातं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कॉम्प्रेशननं ओळींची संख्या कमी होत नाही. ३१ कोटी ओळींवर रिस्टोअरची फाइल-यादी बांधायला जो वेळ लागतो तो लागणारच. इंडेक्स मेमरीत मावत नसेल तर मावणार नाहीच.

शिवाय मूळ प्रश्नकर्त्याकडं दुसरी डिस्क नाही. ९९ टक्के भरलेल्या ईएक्सटी४ वरून झेडएफएसवर जायला सगळा डेटा एकदा दुसरीकडं न्यावाच लागेल.

वाळूज_दुसरीपाळी

@गोदातीर ॲशिफ्टचा मुद्दा पटला. मग पोस्टग्रेसचं स्वतःचं कॉम्प्रेशन? टोस्टमध्ये (लांब ओळी दाबून किंवा वेगळ्या साठवायच्या सोयीत) एलझेड४ देता येतं ना १४ पासून?

गोदातीर (नांदेड)

येतं, पण इथं उपयोग नाही. टोस्ट कामाला लागतं ते ओळ सुमारे २ केबीच्या वर गेली तर. फाइल टेबलातल्या ओळीत काय असतं? काही आकडे, एलस्टॅट नावाचा बेस-६४ मधला लहान मजकूर (फाइलचा आकार, तारखा वगैरे) आणि चेकसम. सगळं मिळून दीडशे बाइटच्या आसपास. टोस्ट तिला शिवणारच नाही. सेटिंग बदलून काही फरक पडला नाही अशी तक्रार होते, त्याचं कारण हेच.

कॅटलॉग मायएसक्यूएलवर ठेवणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथल्या इनोडीबीत कॉम्प्रेस्ड रो फॉरमॅट आहे, पण टेबल आपल्या वेगळ्या फाइलमध्ये असेल तरच. सगळं एकाच आयबीडेटा फाइलमध्ये असेल तर नोंदी डिलीट करून ती फाइल आकसत नाही. डंप काढून पुन्हा भरावं लागतं.

कयाधू (हिंगोली)

कॉम्प्रेशनचा विषय निघालाच आहे तर नेटबॅकअप या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरबद्दल लिहितो, कारण तिथं ही सोय मुळातच आहे आणि तिच्यात अडकणारेही खूप आहेत.

नेटबॅकअपच्या इमेज कॅटलॉगमध्ये सगळ्यात जास्त जागा खातात त्या डॉट एफ फाइली, म्हणजे कोणत्या बॅकअपमध्ये कोणत्या फाइली होत्या त्या याद्या. मास्टर सर्व्हरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये कॅटलॉग कॉम्प्रेशनचा इंटरव्हल दिला की त्याहून जुन्या याद्या दाबल्या जातात. लांबच लांब पाथ असलेल्या बॅकअपमध्ये जागा ८० टक्क्यांपर्यंत वाचू शकते.

पण इंटरव्हल ठरवताना लोक सहसा किती मागच्या फाइली मागतात ते बघा. लोक तीन आठवड्यांपर्यंतचं मागत असतील आणि तुम्ही इंटरव्हल सात दिवस ठेवला, तर जवळजवळ प्रत्येक रिस्टोअरला यादी आधी सोडवावी लागेल. ती सोडवायलाही जागा लागते, म्हणून डिस्क काठोकाठ भरल्यावर कॉम्प्रेशन चालू करणं धोक्याचं.

पहिल्यांदा चालू करताना एकदम लहान आकडा देऊ नका. जुना साठा मोठा असला की पहिलीच फेरी तासन्‌तास चालते आणि मास्टरवर ताण येतो. मोठ्या आकड्यापासून सुरू करा, हळूहळू खाली या. पहिली फेरी सुट्टीच्या दिवशी ठेवा. आणि त्या फाइली स्वतः जीझिपनं दाबू नका, नेटबॅकअपला त्या वाचता येणार नाहीत.

एखाद्याच क्लायंटच्या याद्या पुन्हा सोडवायच्या असतील तर हा क्रम पाळा: त्या पार्टिशनवर पुरेशी जागा आहे का बघा, बीपीआरडी (विनंत्या घेणारी सेवा) बंद करा, बीपीडीबीएम (कॅटलॉग सांभाळणारी सेवा) चालू आहे याची खात्री करा, इंटरव्हल शून्य करा, बीपीआरडी पुन्हा चालू करा, मग बीपीइमेज या आज्ञेला डीकॉम्प्रेस आणि क्लायंटचं नाव द्या. इंटरव्हल शून्य करायचं राहिलं तर पुढच्या फेरीत सगळं परत दाबलं जाईल.

सेलूकर

धागा नेटबॅकअपकडं गेला, तो परत आणतो. मांजराकाठ, तुमच्याकडं बंद पडलेले क्लायंट किती आहेत? जे मशीन भंगारात गेलं पण कॉन्फिगमध्ये अजून आहे, असे?

बॅकुलाचं ऑटोप्रून त्या क्लायंटचा जॉब संपल्यावर चालतं. जॉबच होत नसेल तर त्याच्या नोंदी मुदत संपली तरी वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यांना बीकन्सोलमधून (बॅकुलाच्या आज्ञा द्यायच्या कन्सोलमधून) हातानंच प्रून करावं लागतं. आणि प्रून करण्याआधी कॉन्फिगमधून क्लायंटचं नाव काढलंत तर तो क्लायंट प्रूनच्या यादीत दिसणारच नाही. मग एकतर नाव तात्पुरतं परत घाला, नाहीतर एकेक जॉब डिलीट करत बसा.

प्रून आणि पर्ज यांत गल्लत नको. प्रून मुदत बघून नोंदी काढतं, पर्ज मुदत न बघताच काढतं.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. राखीव ब्लॉक १ टक्क्यावर आणले, जर्नल कमी केलं, आता ६ जीबी मोकळे आहेत. बंद पडलेले तीन क्लायंट सापडले, तिन्ही कॉन्फिगमध्ये आहेत.

रिटेन्शनची अडचण अशी की ऑडिटवाले मागच्या वर्षातली एखादी फाइल मागतात. दर आठवड्याची नको, महिन्याअखेरची चालते. सरसकट ६० दिवस केले तर ती एकेक फाइल निवडून काढता येणार नाही ना?

सिंदफणा

बरोबर. फाइल नोंदी गेल्या की रिस्टोअरच्या झाडात फाइल निवडता येत नाही. जॉबची नोंद आणि व्हॉल्यूम शाबूत असतील तर सगळा जॉब काढता येतो, किंवा बीस्कॅननं व्हॉल्यूम वाचून नोंदी परत कॅटलॉगमध्ये भरता येतात, पण ते काम वेळखाऊ आहे.

उपाय बॅकुलाच्या पूलमध्ये (व्हॉल्यूमच्या गटात) आहे. फाइल रिटेन्शन पूललाही देता येतं आणि ते क्लायंटच्या रिटेन्शनवर मात करतं. महिन्याअखेरच्या फुलसाठी वेगळा पूल करा, त्याला १ वर्ष. आठवड्याच्या आणि रोजच्या पूलला ६० दिवस. क्लायंटचं फाइल रिटेन्शन मात्र १ वर्षच राहू द्या. उलटं केलंत, म्हणजे क्लायंटला ६० दिवस दिले, आणि कुणी बीकन्सोलमध्ये पूलचं नाव न देता प्रून केलं, तर महिन्याअखेरच्या नोंदीही जातील.

जॉब रिटेन्शन फाइल रिटेन्शनपेक्षा लहान ठेवू नका. जॉबची नोंद गेली की तिच्या फाइली सोबत जातात. व्हॉल्यूम रिटेन्शनचंही तसंच. तिघांतलं जे सगळ्यात लहान, तेच खरं चालतं. आणि व्हॉल्यूम रिटेन्शन कॉन्फिगमध्ये बदललं तरी आधीच्या व्हॉल्यूमना लागू होत नाही. बीकन्सोलमध्ये अपडेट घेऊन पूल आणि त्यातले सगळे व्हॉल्यूम ताजे करावे लागतात.

हिशेब: आठवड्याची ९ फुल आणि महिन्याची १२ म्हणजे २१ गुणिले ६० लाख, साडेबारा कोटींच्या आसपास. टेबल १९ ते २० जीबी, इंडेक्स धरून ३० च्या थोडं पुढं. हे घडी बसल्यावरचं. आत्ता महिन्याअखेरचा वेगळा पूल नसल्यानं जुनी फुल सगळी एकाच पूलमध्ये आहेत. ऑडिटला लागणारे जॉब प्रूनला त्यातून वेगळे ओळखता येणार नाहीत. म्हणून हे आर्थिक वर्ष संपेपर्यंत जुन्या पूलचं रिटेन्शन एकदम ६० वर आणू नका, पायरीपायरीनं उतरवा.

तेरणा

फाइलसेटकडंही (कशाचा बॅकअप घ्यायचा त्या यादीकडं) बघा. ६० लाखांतल्या किती फाइली खरंच हव्या आहेत? ब्राउझरची कॅशे, पीएचपीची सेशन, थंबनेल, नोड मॉड्यूल्स, मेल स्पूल. यांचा आकार लहान पण नोंद प्रत्येकाची एक. ज्या डिरेक्टरीत ठरावीक नावाची फाइल असेल ती डिरेक्टरी वगळणारा एक्स्क्लूड डिर कंटेनिंग हा पर्याय फाइलसेटमध्ये आहे. तो वापरला तर यादी मध्यवर्ती ठेवायची गरज नाही, त्या त्या मशीनवाल्यानं डॉट नोबॅकअप नावाची रिकामी फाइल ठेवली की झालं.

ज्या पूलमधून नेहमी संपूर्ण जॉबच काढायचा असतो (व्हर्च्युअल मशीनच्या इमेज वगैरे) तिथं कॅटलॉग फाइल्स नो असंही देता येतं. त्या पूलच्या फाइल नोंदी होतच नाहीत.

पैठणगेट

सिंदफणांच्या पायरीपायरीनं या सल्ल्याला आणखी एक कारण आहे. डिलीटसुद्धा वॉलमध्ये (त्याच पीजी-वॉल डिरेक्टरीत) लिहिलं जातं. ६ जीबी मोकळे असताना वीस कोटी ओळी एका दमात उडवायला गेलात तर वॉल फुगून डिस्क भरेल आणि पोस्टग्रेस बंद पडेल. मॅक्स वॉल साइझ ही सक्तीची मर्यादा नाही, जोराचं लिखाण चालू असलं की ती ओलांडली जाते.

एकेक क्लायंट घ्या. प्रून, मग फाइल टेबलावर साधं व्हॅक्यूम, मग डीएफ बघा, मग पुढचा. बंद पडलेल्या तीनपासून सुरुवात करा. व्हॅक्यूम करूनही जागा फेरवापराला मोकळी होत नसेल तर पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीत (चालू कनेक्शनच्या यादीत) आयडल इन ट्रान्झॅक्शन म्हणून लटकलेलं कनेक्शन शोधा. ते असेपर्यंत मृत ओळी उचलल्या जात नाहीत.

मांजराकाठ (लातूर)

कळलं. आणखी एक गोष्ट जमली: ५०० जीबीची एसएसडी काही दिवसांसाठी मिळतेय, परत द्यावी लागेल. तिच्यावर फाइल टेबल हलवून व्हॅक्यूम फुल करू का?

गोदातीर (नांदेड)

क्रम नीट लावा. ऑल्टर टेबल सेट टेबलस्पेसनं (टेबलस्पेस म्हणजे पोस्टग्रेसनं फाइली ठेवायची जागा) टेबल हलवलं तर ते ब्लॉकच्या ब्लॉक तसंच नकललं जातं, मोकळ्या जागेसकट. त्यानं टेबल लहान होत नाही.

तुमच्या कामाचं आहे पीजी-रिपॅक, टेबल वापरात ठेवूनच ते नव्यानं लिहिणारं साधन. डेबियनमध्ये पोस्टग्रेस १५ साठी पॅकेज आहे. त्याला टेबलस्पेसचा पर्याय देता येतो: नवी आटोपशीर प्रत थेट एसएसडीवर बनते, आणि मूव्ह-इंडेक्सही दिलं तर इंडेक्सही तिकडंच. लॉक फक्त सुरुवातीला आणि शेवटी थोडा वेळ लागतो. टेबलाला प्रायमरी की लागते, फाइल टेबलाला ती आहे. तरीही चालू जॉब नसताना करा, कारण मधले बदल वेगळ्या टेबलात साठून मग लावले जातात.

एसएसडीवरची डिरेक्टरी रिकामी हवी, मालक पोस्टग्रेस यूजर हवा आणि ती डेटा डिरेक्टरीच्या आत नको. काम झालं की रूटवरची जागा मोकळी झालेली असेल. मग टेबल आणि त्याचे इंडेक्स सेट टेबलस्पेसनं मूळ जागी आणा. आता आत हवा नसल्यानं ब्लॉकच्या ब्लॉक नक्कल चालते. टेबल हलवलं म्हणून इंडेक्स आपोआप हलत नाहीत, प्रत्येकाला वेगळी आज्ञा द्या. टेबलस्पेस रिकामी करून ड्रॉप केल्याशिवाय एसएसडी काढू नका.

कयाधू (हिंगोली)

एसएसडी यूएसबीच्या डब्यात घालून लावू नका. सॅटा पोर्टवर लावा. टेबल तिच्यावर असताना केबल हलली तर कॅटलॉग गेला.

सेलूकर

विजेचंही बघा. आपल्याकडं दुपारी लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएस तासभर तग धरेलच असं नाही. व्हॅक्यूम फुल किंवा रिपॅक चालू असताना मशीन बंद पडलं तर डेटा जात नाही, जुनं टेबल शाबूत राहतं. पण अर्धवट बनलेल्या नव्या फाइली डेटा डिरेक्टरीत अनाथ पडून राहू शकतात. पोस्टग्रेसला त्या ठाऊक नसतात, डीएफला दिसतात. डीयूची (फाइलींचा आकार मोजणाऱ्या आज्ञेची) बेरीज आणि डेटाबेसचा आकार यांत मोठा फरक दिसला तर हे कारण तपासा. रिपॅकची अर्धवट राहिलेली टेबलं आणि ट्रिगर काढायला त्याचं एक्स्टेन्शन ड्रॉप करून पुन्हा क्रिएट करायचं.

तेरणा

अहो, पण या सगळ्याआधी कॅटलॉगचा बॅकअप कुठं आहे? तो तर फेल होतोय. तो झाल्याशिवाय एकही प्रून नको.

डंप रूटवर ठेवायची गरजच नाही. पीजी-डंपचं आउटपुट पाइपमधून झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशनच्या आज्ञेला देऊन थेट एनएएसच्या माउंटवर लिहा, लोकल डिस्कवर एक बाइटही लागत नाही. मूळ प्रश्नातलं कॉम्प्रेशन खरं कामाचं ठरतं ते इथंच. फाइलसेटमध्ये जीझिप कॉम्प्रेशन दिलंय म्हणून डंप लहान होईल असं समजू नका. ते डेटा व्हॉल्यूमकडं पाठवताना क्लायंटवर होतं, डिस्कवरचा डंप पूर्ण आकाराचाच राहतो.

दुसरा पर्याय पीजी-डंपचा कस्टम फॉरमॅट. तो स्वतःच जीझिपसारखा दाबलेला असतो आणि पीजी-रिस्टोअरला एकाच वेळी अनेक जॉबनी भरता येतो. एवढ्या मोठ्या टेबलाचे इंडेक्स पुन्हा बांधायला त्याचा चांगला उपयोग होतो. डंपमध्येच झेडस्टँडर्ड पोस्टग्रेस १६ पासून आहे, तुमच्या १५ ला नाही.

डंप परत भरताना नवा डेटाबेस एन्कोडिंग एसक्यूएल-आस्की, कोलेशन सी आणि टेम्प्लेट-झिरोवरून बनवा. बॅकुलाचा कॅटलॉग तसाच असतो, कारण फाइलींची नावं कुठल्याही एन्कोडिंगमध्ये येऊ शकतात. यूटीएफ-८ मध्ये भरायला गेलात तर मधेच अडकेल.

मांजराकाठ (लातूर)

कस्टम फॉरमॅटमध्ये एनएएसवर डंप सुरू केला. तो झाला की दुसऱ्या मशीनवर एसक्यूएल-आस्कीमध्ये भरून बघतो, मग बंद क्लायंट, मग पूल, शेवटी एसएसडी आणि रिपॅक. कॅटलॉगच्या रोजच्या जॉबमध्ये मात्र पाइप आणि झेडस्टँडर्डवाली स्क्रिप्ट टाकतोय.

पैठणगेट

त्या स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत बॅशचं पाइपफेल चालू करायला विसरू नका. नाहीतर पीजी-डंप मधेच मेला तरी झेडस्टँडर्ड शून्य (म्हणजे यशस्वी) परत करतो, जॉब ओके दिसतो आणि एनएएसवर अर्धी फाइल असते. फाइलसेटमधला जुना बॅकुला डॉट एसक्यूएलचा पाथही बदला, आणि रन आफ्टर जॉबमधली पुसणारी स्क्रिप्ट नव्या पाथला लावा.

सिंदफणा

आणि कॅटलॉग जॉबची बूटस्ट्रॅप फाइल त्याच मशीनवर ठेवू नका. राइट बूटस्ट्रॅपला एनएएसचा पाथ द्या. रूट पार्टिशनच गेलं तर कोणत्या व्हॉल्यूमवर कुठं कॅटलॉग आहे ते त्याच फाइलवरून कळतं, आणि बीएक्स्ट्रॅक्टनं डायरेक्टरशिवाय (बॅकुलाच्या मुख्य प्रोग्रॅमशिवाय) तो काढता येतो.